केशराची लागवड : केव्हा, कशी आणि कोठे
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



आपल्याकडे केशर म्हटले की आधी आंबा आठवतो. मराठवाड्याच्या केशर आंब्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण आज मी बोलणार आहे ते खाण्याच्या केशराबद्दल, म्हणजे बासुंदीत आणि श्रीखंडात आपण चार काड्या टाकतो त्या केशराबद्दल. लोहारा तालुक्यात, सास्तूर, माकणी, जेवळी, अचलेर या भागात फिरताना गेल्या काही हंगामांत हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. "साहेब, केशराचं बी मिळतंय. एकरी लाखांत उत्पन्न म्हणतात. माल तेच विकत घेणार आहेत. लावावं का?" कोणी मोबाइलवर चित्रफीत पाहिलेली असते, कोणाच्या पाहुण्याने कळवलेले असते. या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येईल, पण त्याने समाधान होत नाही आणि मनात खुटखुट राहते. म्हणून केशर मुळात लावतात कसे, हे आधी नीट पाहू. ते कळले की उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.

पहिली गोष्ट, आणि ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी आजचे माझे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन. केशराला बी नसते. केशराचे फूल वांझ असते, त्यात बी धरतच नाही. जगात जेथे जेथे केशर पिकते तेथे ते कंदापासूनच लावतात. हा कंद लहान कांद्यासारखा दिसतो, वरून तपकिरी जाळीदार साल असते, पण आत कांद्यासारखे पापुद्रे नसतात, अळकुडीसारखा भरीव गर असतो. एका कंदाला जमिनीत पिल्ले सुटतात आणि त्यांच्यापासून पुढचे पीक येते. तेव्हा कोणी पाकिटात बी घालून "हे केशराचे बी" म्हणून देऊ लागला, तर त्या पाकिटात दुसरे काहीही असेल, केशर नाही.

आता काश्मीरमध्ये हे पीक कसे घेतात ते पाहू. श्रीनगरजवळ, पुलवामा जिल्ह्यात पांपोर नावाचा भाग आहे. समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटर उंचीवरची ती पठारे आहेत, त्यांना तिकडे करेवा म्हणतात. पाण्याचा निचरा होणारी, उंचवट्यावरची जमीन. जम्मू भागात किश्तवाडलाही थोडे केशर होते. या डोंगराळ मुलखात हंगाम आखूड असतो. डिसेंबरात बर्फ पडू लागते, त्याच्या आत फूल येऊन, खुडून मोकळे व्हावे लागते. म्हणून लागवडीची वेळ तेथे फार महत्त्वाची. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे आपल्या श्रावणाच्या आगेमागे, कंद लावतात. फार तर सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. त्यापुढे उशीर झाला की कंदाला मुळे धरायला वेळ मिळत नाही आणि फुले कमी येतात.

जमीन तीन-चार वेळा नांगरून भुसभुशीत करतात, चांगले कुजलेले शेणखत घालतात. साधारण २ मीटर रुंदीचे उंच वाफे करतात आणि दोन्ही बाजूंनी पाणी निघून जाण्यासाठी वीतभर रुंदीचे चर ठेवतात. कंद निवडून घेतात. ८ ते १० ग्रॅमपेक्षा हलका कंद फूल देत नाही, तो नुसती पाने काढतो. कापलेला, डाग पडलेला कंद बाजूला टाकतात. उरलेले कंद बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून सावलीत सुकवतात आणि मग १० ते १५ सेंटिमीटर खोल, दोन ओळींत २० सेंटिमीटर व दोन कंदांत १० सेंटिमीटर अंतर ठेवून लावतात. शेंडा वर ठेवायचा, हे सांगायला नकोच.

ऑक्टोबरच्या मध्यापासून, दिवाळीच्या सुमारास, जांभळी फुले जमिनीतून थेट वर येतात. उंची वीतभरसुद्धा नसते. दिवसा १७ अंश आणि रात्री १० अंशांच्या आसपास तापमान असले म्हणजे फुलोरा चांगला येतो. तीन-साडेतीन आठवड्यांत सारे आटोपते. पहाटे, ऊन चढण्याच्या आत फुले खुडतात. प्रत्येक फुलात तीन लाल तंतू असतात, तेवढेच केशर. एक किलो केशराला दीड लाखाच्या आसपास फुले लागतात. फुले संपली की काम संपले असे नाही. गवतासारखी बारीक पाने हिवाळाभर हिरवी असतात, बर्फाखालीसुद्धा तग धरतात, आणि एप्रिल-मे पर्यंत जमिनीतल्या पिल्लांना पोसतात. मग पाने वाळतात आणि कंद उन्हाळाभर झोपी जातो. त्या झोपेतच पुढच्या वर्षाची फुलाची कळी कंदाच्या पोटात तयार होते. त्यासाठी २३ ते २७ अंशांची माफक ऊब लागते. एकदा लावलेला वाफा चार-पाच वर्षे ठेवून मग कंद काढून पुन्हा लावतात.

युरोपात या फुलाचे दुसरे भाऊबंद बागांतून शोभेसाठी लावतात. ते बर्फ वितळता वितळता, वसंतात फुलतात. त्यांच्यापासून केशर मिळत नाही. हे सांगायचे कारण एवढेच, की त्यांचे रंगीत फोटोही "केशर" म्हणून जाहिरातीत वापरलेले मी पाहिले आहेत.

आता आपल्या लोहाऱ्याची हवा यापुढे मांडून पाहा. आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे मीटरच्या आसपास आहोत. ऑक्टोबरात, केशराला फुलायला १७ अंश हवे असतात तेव्हा, आपल्याकडे दुपारी ३२ अंशांच्या घरात पारा असतो. ऑक्टोबर हीट काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. रात्रीही तेव्हा २० अंशांच्या खाली फारसे उतरत नाही. कंदाची पिल्ले पोसायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि आपल्याकडे मार्चमध्येच ऊन असे तापते की ती कोवळी पाने वेळेआधी वाळून जातात. मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या उन्हात कंद भाजतो. आणि त्यातून जो वाचला, तो जून ते सप्टेंबर आपल्या काळ्या चिकण जमिनीत पाण्यात बसतो. झोपलेल्या कंदाला ओल मानवत नाही, तो बुरशीने कुजतो.

येथे एक बारीक खुबी आहे, ती समजून घ्या, कारण फसगत बरोबर याच जागी होते. काश्मीरहून आणलेल्या कंदाच्या पोटात कळी तिकडेच तयार झालेली असते. असा कंद तुम्ही थंड खोलीत, टोपल्यात, अगदी माठाशेजारी ठेवला तरी पहिल्या वर्षी एखादे फूल येऊ शकते. त्याचा फोटो काढला जातो, "महाराष्ट्रात केशर फुलले" म्हणून तो गावोगाव फिरतो. त्यात खोटे काही नसते. पण ते फूल काश्मीरच्या जमिनीने पोसलेले असते. खरी परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे तुमच्या रानात पोसलेली पिल्ले आठ-दहा ग्रॅमची होतात का आणि त्यांना फूल धरते का, यात आहे. तेव्हा कोणी फोटो दाखवला तर एकच विचारा, "हे कितव्या वर्षाचं फूल आहे?"

काही ठिकाणी, पुण्यासारख्या शहरांतही, बंद खोलीत यंत्राने थंडी आणि ओलावा राखून केशर घेतात, हे खरे आहे. मातीशिवाय, लाकडी किंवा प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कंद मांडून ठेवतात. आधी २५ अंशांच्या आसपास आणि मग हळूहळू १७ अंशांपर्यंत खोली थंड करतात. हवेत ओलावा ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. फुले खुडून झाल्यावर मात्र कंद मातीत लावावेच लागतात, नाहीतर त्याची पुढची पिढी होत नाही. त्यासाठी भिंतींना उष्णतारोधक अस्तर, शीतयंत्र, वीज गेली तर जनित्र, आणि दरवर्षी थोडेफार नवे कंद, एवढा खर्च असतो. ज्याच्याकडे भांडवल आहे आणि तोटा सोसायची ताकद आहे त्याने तो उद्योग म्हणून जरूर अभ्यासावा. पण याला शेती म्हणून, आणि तीही सोसायटीचे कर्ज काढून, हात घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे विजेची वेळ आणि ग्राहकाची वेळ, दोन्ही आपल्या हातात नाहीत.

हिशेबच करायचा तर असा करा. २० गुणिले १० सेंटिमीटर अंतराने एका एकराला जवळजवळ २ लाख कंद लागतात. एक कंद १० ग्रॅमचा धरला तर ते २० क्विंटल झाले. ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माल. आणि खुद्द काश्मीरमध्ये एकरी उत्पन्न किलो-दीड किलोच्या आसपास निघते. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवले की एका पाकिटात एकराचे केशर देणाऱ्याचे बोलणे कसे वाटते ते तुम्हीच ठरवा. देशात दुसरीकडे प्रयत्न होत नाहीत असे नाही. २०२० साली दक्षिण सिक्कीममध्ये यांगांग येथे काश्मीरचे कंद नेऊन लावले आणि तेथे फुले आली. पण तोही डोंगरी, थंड मुलूखच आहे.

मग पाकिटात असते तरी काय? मागच्या खरिपात तालुक्यातले एक शेतकरी असेच एक चकचकीत पाकीट घेऊन आमच्याकडे आले. वर जांभळ्या फुलांचे चित्र आणि "अमेरिकन केशर" अशी अक्षरे. किंमत ऐकून मी गप्पच बसलो. पाकीट फोडून दाणे त्यांच्या तळहातावर ओतले. पांढरे, टणक, चार कडांचे, एका टोकाला निमुळते. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला, चावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ही तर करडी आहे हो."

करडईच होती. महाराष्ट्रात, मध्य प्रदेशात, राजस्थानात अनेक शेतकऱ्यांना "अमेरिकन केशर" म्हणून करडईच विकली गेली आहे. तिची फुले पिवळी-केशरी असतात, वाळली की लालसर होतात आणि तिच्या पाकळ्या केशरासारख्या दिसतात. बाजारात केशरात भेसळ करायलाही त्याच वापरतात. ओळखायचे असेल तर पाण्यात टाकून पाहा. खऱ्या केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी पसरट असते, पाण्यात तिचा सोनेरी पिवळा रंग सावकाश उतरतो आणि काडी लालच राहते. करडईची पाकळी पाण्यात उलगडली की बारीक नळी आणि तिच्या टोकाला पाच चिरे दिसतात. झाडावरून तर ओळख फारच सोपी. गुडघ्या-कमरेएवढे, फांद्या फुटलेले, काटेरी बोंडांचे झाड म्हणजे करडई. केशराला झाड नसतेच, नुसती गवतासारखी पाने, आणि प्रत्येक पानाच्या मधोमध एक पांढरी रेघ.

खेद वाटतो तो याचा, की जी करडी आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्वारीच्या कडेने पेरली, जिच्या काट्यांनी जनावरे रानात शिरत नसत, जिच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण खाल्ली, जिच्या तेलावर घरे चालली, तीच आपल्याला परदेशी नाव लावून भारी भावाने विकली जाते. कुसुंबी रंग हा शब्द आपल्या भाषेत आहे ना? तो करडईचाच. करडईला संस्कृतात कुसुंभ म्हणतात आणि तिच्या पाकळ्यांच्या रंगाने पूर्वी लुगडी-पागोटी रंगवीत.

म्हणून केशराचा विचार सोडून जे हातात आहे त्याच्याकडे वळू. करडईचे क्षेत्र आपल्याकडे फार घटले. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळत नाहीत, हे त्याचे मोठे कारण. आता दोन उपाय आहेत. एक म्हणजे कापणी-मळणी यंत्राने काढणी होते. दुसरा म्हणजे बिनकाट्याची वाणे आली आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे नारी-६ आणि परभणीच्या विद्यापीठाचे पीबीएनएस-४० ही बिनकाट्याची. ज्यांना पाकळ्याही गोळा करायच्या आहेत त्यांनी यांतलेच घ्यावे, नाहीतर बोटांची चाळण होईल. ज्यांना फक्त तेलबियांसाठी पेरायची आहे त्यांना परभणी कुसुम म्हणजे पीबीएनएस-१२ हे काटेरी वाण कोरडवाहूला चांगले आहे. गुरांपासून राखणही होते.

पेरणीची वेळ चुकवू नका. उत्तरा नक्षत्र संपता संपता आणि हस्तात, म्हणजे सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते १० ऑक्टोबरच्या आसपास पेरणी व्हावी. सोयाबीन किंवा उडीद-मूग निघालेल्या रानात ओल टिकवून ठेवली तर हे सहज जमते. फार लवकर पेरली आणि मागून मोठा पाऊस आला तर मर लागते. फार उशीर झाला तर मावा पीक खातो. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवावे, एकरी ४ ते ५ किलो बी पुरते. बियाण्याला पेरणीपूर्वी बुरशीनाशक व नंतर जिवाणू संवर्धक चोळावे. उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत विरळणी करावी. आपल्याकडे विरळणी करायला हात धजत नाही, उगवलेले रोप उपटवत नाही. पण दाट करडीला फांद्या फुटत नाहीत आणि फांदी नाही तर बोंड नाही. खताची मात्रा माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे घ्यावी, सगळे खत पेरतानाच बियाण्याखाली पडेल असे पाहावे.

करडईचे मूळ सोटासारखे खोल जाते, खालची ओल ओढून घेते. म्हणून पाऊस कमी पडला तरी ती तगते. मध्यम ते भारी, निचऱ्याची जमीन हवी. माकणी धरणाच्या लाभक्षेत्रात ज्यांना पाणी आहे त्यांनी हात आवरता घ्यावा. एक पाणी ३० ते ३५ दिवसांनी, फार तर दुसरे फुलावर येताना, तेही हलके, आणि जमिनीला भेगा पडण्याआधी. भेगाळलेल्या रानात पाणी सोडले की ते मुळाशी साचते आणि झाडे उभी वाळतात.

मावा आधी बांधाकडच्या ओळींवर येतो, तेव्हा नजर तेथेच ठेवावी. कडेच्या झाडांच्या शेंड्यांवर काळा मावा दिसताच ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. एवढ्यावर भागले नाही तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून शिफारस असलेले कीटकनाशक वापरावे. मात्र ज्या रानातल्या पाकळ्या काढायच्या आहेत तेथे फुलोऱ्यात विषारी औषध मारू नये. त्या पाकळ्या कोणाच्या तरी पोटात जाणार असतात.

पाकळ्यांचे तंत्र सोपे आहे. फूल ताजे, पिवळे असताना खुडू नका. परागीकरण होऊन पाकळ्या कोमेजल्या, लालसर झाल्या की सकाळच्या वेळी, हवेत थोडा दमटपणा असताना त्या अलगद ओढून घ्याव्यात. तोवर दाणा धरलेला असतो, त्यामुळे बियाण्याच्या उतारावर फारसा परिणाम होत नाही. पातळ पसरून सावलीत सुकवाव्यात, उन्हात रंग उडतो. कोरड्या, बंद डब्यात ठेवाव्यात. त्यांचा चहासारखा काढा करतात, खाद्यपदार्थांना रंग देण्यासाठीही त्या वापरतात. पण आधी ग्राहक ठरवा, मग पाकळ्या काढा. ग्राहक नसेल तर मजुरी अंगावर पडते. करडईच्या पाकळ्या या नावानेच त्या विका, केशर म्हणून विकू नका. आपण फसलो म्हणून दुसऱ्याला फसवायचे, ही रीत नाही. शिवाय तो गुन्हा आहे.

ज्यांना कंदाच्या फुलाचीच हौस आहे आणि विहिरीला पाणी आहे, त्यांनी ग्लॅडिओलस करून पाहावा. तो केशराच्याच कुळातला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विश्रांती पूर्ण झालेले, ४ ते ५ सेंटिमीटर जाडीचे कंद ३० गुणिले २० सेंटिमीटरवर लावावेत आणि खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसताच दांडा कापावा. काढलेले कंद अडीच-तीन महिने थंड जागी विसावू द्यावे लागतात. पण पहिल्या वर्षी दोन गुंठ्यांपेक्षा जास्त नको. सोलापूरच्या फुलबाजाराची चौकशी आधी करावी.

शेवटी व्यवहाराचे चार शब्द. कोणतेही बियाणे घेताना पाकिटावर पिकाचे व वाणाचे नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली आहे का ते बघा. विकणाऱ्याकडे परवाना आहे का ते विचारा. पक्की पावती घ्या. रिकामे पाकीट आणि थोडे बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा, तक्रारीच्या वेळी तोच पुरावा असतो. "माल आम्हीच घेऊ" असे कोणी कागदावर लिहून दिले तर तो कागद सही करण्यापूर्वी गावातल्या जाणत्या माणसाला आणि कृषी कार्यालयात दाखवा. ज्यांनी पैसे भरलेले आहेत त्यांनी लाजून गप्प बसू नये. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा, आणि अर्जाची पोच घ्यावी. बियाण्याविषयी शंका असेल तर तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातही दाखवता येईल.

आणि ज्यांनी आधीच ते पाकीट घेतले आहे, पण पेरलेले नाही, त्यांनी वीस-पंचवीस दाणे कुंडीत लावून उगवण बघावी. उरलेले तसेच ठेवावे, पुराव्यासाठी. पेरायचेच असेल तर परभणीच्या विद्यापीठाचे खात्रीचे करडईचे बियाणे सप्टेंबरच्या आत आणून ठेवावे. हस्ताच्या पावसानंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

रामराम.